चित्रातला हंस

जिल्हा परिषदेच्या शाळांत मी एकतीस वर्षं काढली. वर्षाला कामाचे दिवस दोनशे-सव्वादोनशे धरले तर सहा हजारांवर परिपाठ झाले. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि शेवटी पसायदान. म्हणजे सहा हजार वेळा देव आणि कोल्हा एकाच पटांगणात, वीस-पंचवीस मिनिटांत, एकामागून एक येऊन गेले. त्यांचं आपसात कधी वाकडं आल्याचं मला आठवत नाही. भांडणं शाळेच्या कुंपणाबाहेर.

2024 च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. मनाचे श्लोक आणि गीतेचा अध्याय मुलांकडून पाठ करून घ्यावा असं त्यात सुचवलेलं, शिवाय मनुस्मृतीतला एक श्लोकही दिलेला. गदारोळ व्हायचा तो झाला. मी तेव्हा निवृत्त होऊन नगरला मुलाकडे राहायला आलो होतो. सकाळी फिरून आल्यावर आम्ही म्हातारे जिथं टेकतो, त्या कट्ट्यावर दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, देवाचा धाक गेला म्हणून पोरं बिघडली, श्लोक हवेतच. दुसरा तट म्हणे, देवाधर्माचं ज्यानं त्यानं घरी बघावं, शाळेत इसापनीती आणि पंचतंत्र पुष्कळ झालं. कोल्ह्याला ना जात ना धर्म. मला विचारल्यावर मी म्हणालो, तुमचं दोघांचं भांडण नीतीबद्दल नाही, पाठांतराबद्दल आहे. कुणालाच आवडलं नाही. चहा आला आणि विषय राहून गेला.

मुळात मराठीत देव आणि कोल्हा या दोघांच्या मध्ये भिंत कधी नव्हतीच. परीकथा 'आटपाट नगर होतं' म्हणून सुरू होते आणि श्रावणी सोमवारची कहाणीही त्याच वेशीतून आत शिरते. आमच्या जिल्ह्याला कालपरवापर्यंत सगळे नुसतं 'नगर' म्हणायचे, त्यामुळे लहानपणी माझी पक्की समजूत होती की ते राजे, त्या नावडत्या राण्या, ते शंकर-पार्वती सगळे माळीवाड्यात नाहीतर दिल्ली दरवाज्याच्या आसपास राहत असणार. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी शिष्यांना बोलता बोलता जे दाखले देत, त्यांचा पुढे केशिराजबासांनी 'दृष्टांतपाठ' केला. 114 दृष्टांत. आधी सूत्र, मग गोष्ट, मग गोष्टीचा अर्थ. आंधळे आणि हत्ती ही गोष्ट त्यात आहे. याला धर्मग्रंथ म्हणायचं की बोधकथांचं पुस्तक? इसाप छापील मराठीत आला तो 1806 साली, तंजावरला सरफोजीराजांच्या पदरी झालेल्या 'बालबोध मुक्तावली'तून. मग 1828 साली बापू छत्र्यांच्या 'इसपनीतिकथा' आल्या. म्हणजे आपल्याकडे धर्मच आधीपासून गोष्टीच्या पायानं चालत होता, कोल्ह्या-करकोच्यानं नंतर येऊन त्याची जागा बळकावली असं काही झालेलं नाही.

खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजा हुकूम सोडतो की गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात आणून ओता. लोक धाकानं ओततात. वासरं उपाशी, पोरं उपाशी, आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी आधी लेकरासुनांना पाजते, गाईवासरांना चारापाणी करते, उरलेलं खुलभर दूध घेऊन दुपारी देवळात जाते. गाभारा भरून जातो. धर्मानं धर्माचेच कान इतके सरळ पिळावेत, असं मला इसापातही कुठे सापडलं नाही. आता आमच्या घरातलं सांगतो. आई ही कहाणी सोमवारी तल्लीन होऊन वाचायची, डोळ्यांच्या कडा पुसायची, आणि पोथी मिटली की शेरभर दूध पिंडीवर घालून यायची. आम्हा भावंडांना त्या दिवशी कोरा चहा. तिला यात काही विसंगत वाटत नसे, कारण ऐकताना ती स्वतः म्हातारी असायची. त्या कहाणीत राजा कोण, हा प्रश्न पंचक्रोशीत कुणाच्या घरी कुणी विचारलेला मी ऐकला नाही.

कोल्ह्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी पंचतंत्र बहुधा चौथीनंतर उघडलेलं नसतं. विष्णुशर्म्यानं ते तीन मठ्ठ राजपुत्रांना राज्य कसं चालवावं हे कळावं म्हणून सांगितलं, सज्जन करण्यासाठी नव्हे. पहिलंच तंत्र मित्रभेद. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल जिवाभावाचे मित्र. दमनक कोल्हा दोघांच्या कानाला लागतो, सिंहाकडून बैल मारवतो, आणि दमनकाचं वाकडं काही होत नाही. आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्याची निवडणूक जवळून पाहिलेल्या माणसाला हे तंत्र वेगळं शिकवावं लागत नाही.

पाथर्डी तालुक्यात मी होतो तेव्हाची गोष्ट. दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापांच्या मागे ऊसतोडीला जायचा. राहिलेल्यांना मी मुंगी आणि टोळाची गोष्ट सांगितली. मुंगी उन्हाळाभर दाणे साठवते, टोळ गात बसतो, पावसाळ्यात उपाशी मरतो. तात्पर्य फळ्यावर लिहूनच ठेवलेलं: आळस हा माणसाचा शत्रू. आजीजवळ मागे राहिलेली एक तिसरीतली पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुर्जी, टोळानं मुंगीकडून उचल घ्यायची की. पुढल्या साली तिच्याकडं कामाला गेला असता." उचल म्हणजे मुकादम हंगामाआधी देतो ती आगाऊ रक्कम, ती फिटेस्तोवर कोयता सुटत नाही. तिच्या आईबापांइतकी कष्टाळू माणसं मी कमी पाहिली आणि त्यांच्या कणगीत दाणा नव्हता. माझं तात्पर्य तिच्या घरी लागूच पडत नव्हतं. मी फळा पुसला. त्या पोरीच्या बोलण्यावर पुढं बोलायला हवं होतं, ते काही मी केलं नाही.

हे मी मान्य करतो, कारण पुढचं याहून वाईट आहे.

1998 चा पावसाळा. दुसरी शाळा, दुसरा तालुका. गावाच्या खालच्या अंगाला पारध्यांची सात-आठ पालं होती आणि तिथला एक मुलगा, मोठ्या मिनतवारीनं, चौथीत टिकला होता. घरची बोली वेगळी, त्यामुळे वर्गात फारसा बोलायचा नाही. त्या दिवशी परिपाठाला बोधकथा होती लाकूडतोड्याची. विहिरीत पडलेली कुऱ्हाड, जलदेवता, सोन्याची कुऱ्हाड आपली नाही म्हणून सांगणारा प्रामाणिक माणूस. मी रंगवून सांगितली. मोठ्या सुट्टीनंतर एका बागायतदाराच्या मुलीची नवी कंपासपेटी सापडेना. ती रडायला लागली. वर्गात कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त सगळ्या माना एका कोपऱ्याकडे वळल्या, आणि मी त्या कोपऱ्याकडे चालत गेलो.

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपण होऊन गेलो आणि त्याची पिशवी जमिनीवर पालथी केली. एक फुटकी पाटी, एक वही, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी, गलोल. पेटी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती मुलगी पेटी घेऊन आली. घरी ओट्यावर विसरली होती. मी वर्गाला म्हणालो, "सापडली बरं का," आणि अपूर्णांकांचा भागाकार सुरू केला.

माझ्या अंगात तेव्हा धर्म नव्हता असं नाही. वारकऱ्याच्या घरचा मी. नेवाशाच्या पैस खांबाला, जिथं ज्ञानेश्वरांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली, तिथं डोकं टेकवून नोकरीवर रुजू झालेला. त्याच दिवशी सकाळी मी पसायदान म्हटलं होतं, दुष्टांचा नाश नको, त्यांच्या मनाचं वाकडेपण तेवढं गळून पडो असं मागणारं. बोधकथाही झाली होती. दोन्ही पोटात असताना मी पिशवी पालथी केली, कारण दोन्हींमध्ये मी बरोबर माणसाच्या जागी बसलो होतो. पसायदानात मी मागणारा, लाकूडतोड्याच्या गोष्टीत प्रामाणिक लाकूडतोड्या. वाकडा आणि चोर, दोघंही दुसरे कुणीतरी. आणि दुसरं कुणीतरी वर्गात कुठं बसतं हे मला ठाऊक होतं.

त्या आठवड्यात घरी गेलो तेव्हा आई शनिमाहात्म्य वाचत होती. ही कथा मी जन्मापासून ऐकत आलो, पण ऐकली त्या संध्याकाळी. विक्रम राजा शनीला हसतो आणि त्याची साडेसाती सुरू होते. घोडा त्याला उधळून परमुलखात नेतो. एका व्यापाऱ्याच्या घरी तो पाहुणा राहतो. खोलीत भिंतीवर हंसाचं चित्र. खुंटीला मोत्यांचा हार. विक्रमाच्या डोळ्यांदेखत तो चित्रातला हंस हार गिळतो. आता हे कुणाला सांगायचं? चित्रातल्या पाखरानं मोती खाल्ले म्हणून? त्याच्यावर चोरीचा आळ येतो आणि तिथला राजा त्याचे हातपाय तोडायला लावतो. पुढं एक तेली त्याला उचलून नेतो, आणि उज्जैनीचा राजा घाण्यावर बसून बैल हाकतो.

आमच्या नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापूरची कीर्ती जगभर आहे, की तिथं घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, कारण चोरी केली तर शनी बघून घेतो. 2011 मध्ये युको बँकेनं तिथं कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा तर बाहेरची चॅनेलं आली. माझी आत्या त्या बाजूला दिलेली. तिच्या घराला खरोखर चौकटीत नुसता पडदा होता. मी त्याची टर उडवणार नाही. भीतीनं का होईना, माणसं एकमेकांच्या भांड्यांना हात लावत नव्हती, हे काही कमी नाही. चोरीच्या तक्रारी पुढं झाल्याच. त्याही सोडून देऊ. मला सलतं ते वेगळंच. ज्या देवाच्या नावानं चोर धरला जातो, त्याच देवाच्या पोथीत न केलेल्या चोरीसाठी एका माणसाचे हात गेलेत. घरोघरी ती वाचतात. वाचून उठताना तेलाचा दिवा लावतात, साडेसाती टळो म्हणतात. उद्या एखाद्यावर आळ आला तर आधी भिंतीवरचा हंस बघू, असं म्हणून उठलेला मला कुणी भेटला नाही.

शिवाय त्या देवाच्या पहाऱ्यात काय येतं आणि काय येत नाही तेही बघायला हवं. शिंगणापूरच्या शेजारच्याच सोनई परिसरात 2013 च्या पहिल्या दिवशी तीन दलित तरुणांचा खून झाला, जातीबाहेरच्या प्रेमावरून. 2018 मध्ये नाशिकच्या न्यायालयानं सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. सोन्यानाण्याला हात लावू नये ही शनीची भीती त्या शिवारात पक्की होती. माणसाला हात लावू नये, ही नव्हती. 2015 मध्ये एक बाई शनीच्या चौथऱ्यावर चढली म्हणून शिळेला दुधानं धुतलं, आणि उच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2016 च्या पाडव्याला चौथरा बायकांना खुला झाला. नीतीचा तो धडा पोथीतून आला नाही, कोर्टातून आला. आणि हो, इसापनीतीतूनही नाही आला.

पण इसापात तो होता. ओढ्यावर पाणी पिणारं कोकरू आठवा. लांडगा म्हणतो, पाणी गढूळ केलंस. कोकरू म्हणतं, मी तर खालच्या अंगाला आहे, पाणी तुमच्याकडून माझ्याकडे येतंय. मग सहा महिन्यांपूर्वी मला शिव्या दिल्यास. तेव्हा माझा जन्मही नव्हता. मग तुझ्या बापानं दिल्या असतील, असं म्हणून तो त्याला खाऊन टाकतो. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढं त्याखाली पारध्यांसारख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. तो कायदा 1952 साली रद्द झाला. बापानं दिल्या असतील, यापलीकडे त्या कायद्यात दुसरं काय होतं? इसाप गुलाम होता म्हणतात; वरच्या अंगाला कोण उभं आहे हे त्याला बरोबर कळत होतं. एकतीस वर्षांत परिपाठाला लांडगा-कोकरू मी दोनदा सांगितली असेल. कारण अगदी साधं आहे, तिचं तात्पर्य फळ्यावर लिहिता येत नाही. लाकूडतोड्याची दरवर्षी व्हायची.

तेव्हा कट्ट्यावरच्या मित्रांना माझं म्हणणं एवढंच की पोथीच्या गाठोड्यात आळ घेणाऱ्याच्या सोयीच्या गोष्टी आहेत, आळ आलेल्याच्याही आहेत, आणि इसापाच्या गाठोड्यातही तसंच. कुठलं गाठोडं सोडता, यापेक्षा त्यातून काय काढता आणि ऐकणाऱ्याला कुठं बसवता, याला महत्त्व. सोयीची गोष्ट कुठूनही काढली तरी ती माणसाला फक्त स्वतःवर खूश करते.

मात्र धर्माकडे एक गोष्ट आहे जी कोल्ह्याकडे नाही, आणि ती मी नाकारली तर माझ्या जिल्ह्याशी बेइमानी होईल. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचा महिपती. ज्या संतकथांवर मराठी माणूस वाढला त्यातल्या निम्म्याअधिक त्याच्या लेखणीतून आल्या. 'भक्तविजय' 1762 चा. हा गावचा कुलकर्णी. एकदा पूजेला बसलेला असताना जहागीरदाराचा शिपाई आला आणि ताबडतोब कचेरीत चल म्हणून अडून बसला. महिपती गेला, काम केलं, आणि ही लेखणी पुन्हा कचेरीसाठी उचलणार नाही म्हणून शपथ घेतली, अशी कथा सांगतात. इसाप वाचून कुणी वतनाचं काम सोडल्याचं ऐकिवात नाही. राळेगणसिद्धीत दारू बंद झाली ती यादवबाबांच्या देवळात शपथा घेऊन. अण्णा हजाऱ्यांनी आधी ते पडकं देऊळच पुन्हा उभं केलं, मग गाव. गोष्ट तुमच्याकडे काही मागत नाही. धर्म शपथ मागतो, आणि चार माणसांदेखत घेतलेली शपथ मोडायला जड जाते. अर्थात त्याच देवळापुढच्या खांबाला दारुड्यांना बांधून मारही दिला गेला, अण्णांनीच ते कधी लपवलं नाही. शपथेला जोडून खांब येतो. तो मला नको आहे. पण खांबाशिवाय शपथ टिकते का, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही.

आता जिल्ह्याला ज्यांचं नाव आहे त्या अहिल्याबाईंची, आमच्या चौंडीच्या लेकीची, एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मुलाच्या रथाखाली वासरू मेलं, गाय रस्त्यात उभी राहिली, आणि बाईंनी मुलाला तीच शिक्षा फर्मावली. इतिहासात मालेराव 1767 साली आजारानं गेले. रथाची हीच गोष्ट तमिळ मुलखात मनुनीती चोळ राजाबद्दल सांगतात; तिथं गाय न्यायाची घंटा ओढते. मी मुलांना दोन्ही सांगायचो, आणि हेही सांगायचो की हे असं घडलं नाही. एकाही मुलाचा त्यावरचा जीव त्यामुळे उडाला नाही. आपलंच माणूस गुन्हेगाराच्या जागी उभं करणारी गोष्ट त्यांना कुठंतरी हवी असते, असा माझा अनुभव आहे.

तर 1998 चा तो पावसाळा. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा होती. परिपाठाला मी विक्रम राजाची गोष्ट सांगितली. जोडीचे गुरुजी नंतर म्हणाले, शनीची पोथी कशाला काढलीत पोरांपुढं, भितील ना. पोरं भ्यायली नव्हती. चित्रातल्या हंसानं हार गिळला तेव्हा हसली, हातपाय तुटले तेव्हा गप्प झाली, आणि शेवटी सगळ्यांदेखत हंसानं हार ओकून टाकला तेव्हा टाळ्या पिटल्या. विक्रमाला हातपाय परत मिळाले. मी थांबलो. तात्पर्य सांगितलं नाही, सुचलंच नव्हतं.

पारध्यांचा तो मुलगा शेवटच्या रांगेत होता. वर्षभरात त्यानं आपण होऊन विचारलेला तो पहिलाच प्रश्न.

"त्या राजानं माफी मागितली का?"

मागितली, मी म्हणालो. राजानंही आणि व्यापाऱ्यानंही.

"समद्यांच्या म्होरं?"

पटांगणात साठ-सत्तर पोरं होती, ती कंपासपेटीवाली मुलगी पहिल्या रांगेत. मी शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेलो. काय बोललो ते शब्द मला आता नीट आठवत नाहीत; बोलताना माझा आवाज फार लहान निघाला, म्हणून जोडीच्या गुरुजींनी पुढच्या पोरांना गप्प बसायला सांगितलं, एवढं आठवतं. मग पसायदान झालं.